पोट्टे पळतात, नडगी मोडते

मंडळी, दर्यापुरात पहाटे मूर्तिजापूर रोडवर जाऊन उभे राहा. पोलीस भरतीचे पोट्टे डांबरावरून सुसाट पळताना दिसतील, आठवड्याचे सातही दिवस. नडगी दुखते म्हटलं की उत्तर तयार: "दुखू दे, थांबायचं नाही." आणि आपण पुण्यातले शहाणे काय सांगतो? दहा हजारांचे बूट घे! दोन्ही सल्ले चूक.

जरा हिशोब करू. १६०० मीटर सहा मिनिटांत म्हणजे साधारण हजार पावलं, एका पायाला पाचशे. प्रत्येक पावलाला जमीन वजनाच्या जवळपास अडीच पट जोर उलटा देते. ६० किलोच्या पोराच्या एका पायावर पाचशे वेळा दीडशे किलो! बूट बदलून हा आकडा फारसा हलत नाही.

दम काही आठवड्यांत वाढतो, हाड नाही. ताण आला की हाड आधी जुना भाग काढतं, मग नवा भरतं. त्याला महिने लागतात आणि मधल्या काळात ते कमकुवत असतं. नेमकी तेव्हाच जाहिरात निघते आणि पोट्टे अंतर दुप्पट करतात!

उपाय फुकट आहे. एक दिवसाआड पळा, अंतर हळूहळू वाढवा, पावलं जरा आखूड आणि भरभर टाका. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात पावलांची गती ५ ते १० टक्के वाढवल्यावर गुडघ्यावरचा भार कमी झाला. नडगीवर बोटाएवढ्या जागीच दुखत असेल तर थांबा, डॉक्टरला दाखवा. सुरुवातीची चीर एक्स-रेत दिसेलच असं नाही.

थांबणारा पोट्टा भित्रा नसतो. नडगी मोडलेला मात्र मैदानावर पोचतच नाही.