टिंब गेले, ळ गेला

सेमाडोह मेळघाटात आहे हे सांगताना मराठी माणूस अडखळत नाही. तेच इंग्रजी शोधनिबंधात लिहायची वेळ आली की ळ चा साधा ‘एल’ होतो. आणि तो निबंध वाचून परप्रांतीय अभ्यासक निर्धास्तपणे ‘मेलघाट’ लिहितो. ज्या भाषेत काल आणि काळ, वेल आणि वेळ, मूल आणि मूळ हे वेगळे शब्द आहेत, त्या भाषेच्या प्राध्यापकांना हे खटकू नये, याचे नवल वाटते.

सबब ठरलेली असते : ‘संगणकावर ते अक्षर नाही.’ ही सबब खोटी आहे. युनिकोडमध्ये ल चा क्रमांक २३५४, ळ चा २३५५. दोघे शेजारी, पण स्वतंत्र. रोमन लिपीतही साधा एल १०८ वर आहे आणि खाली टिंब असलेला एल ७७३५ वर. हाच क्रमांक षोडशमानात १ई३७ असा लिहितात. विंडोजवरील वर्डमध्ये ही चार चिन्हे रोमनमध्ये टंकून अल्ट आणि एक्स एकत्र दाबले की अक्षर उमटते. एवढ्या श्रमाला आपण तंत्रज्ञानाची अडचण म्हणतो!

खऱ्या अडचणी निराळ्या आहेत. हेच अक्षर साधा एल आणि ८०३ क्रमांकाचे जोडटिंब अशा दोन तुकड्यांतही साठवता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी. पण शोधयंत्रणेने त्यांचे एकरूपीकरण केले नसेल तर एक शोधताना दुसरे सापडत नाही. दुसरी अडचण विद्वानांनी निर्माण केलेली. १८९४ च्या जिनिव्हा येथील प्राच्यविद्या परिषदेपासून रुळलेल्या संस्कृत लिप्यंतरात टिंबाचा एल म्हणजे ऌ हा स्वर. २००१ च्या आयएसओ १५९१९ या मानकात तोच एल म्हणजे ळ. तेव्हा कोणती पद्धत वापरली हे पहिल्या तळटीपेत सांगणे हे लेखकाचे कर्तव्य ठरते. किती प्रबंधांत ते सांगितलेले असते?

माझ्याही एका लेखातील टिंबांच्या जागी छपाईच्या मुद्रितात चौकटी उमटल्या होत्या. ‘टिंबे काढू या, वाचकाला कळेल,’ असे संपादकांनी सुचवले आणि मी मान डोलावली. ती चूक माझीच.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वऱ्हाडातूनच येतो. आमच्या बोलीत डोळ्याचा डोया आणि सकाळची सकाय होते. मग ळ साठी एवढा हट्ट कशाला? उत्तर सोपे आहे. प्रमाण लेखन नोंदवायचे असेल तर टिंबाचा एल लिहा. बोली नोंदवायची असेल तर सरळ य चे रोमन अक्षर लिहा. बिनटिंबाचा एल ना पुण्याच्या तोंडचा, ना परतवाड्याच्या. तो कोणाचाच उच्चार नव्हे. तो केवळ आपला आळस आहे.

आणि सेमाडोहला हा आळस अधिक महाग पडतो, कारण तिथे कोरकू बोलली जाते. ही मुंडा कुळातली भाषा. तिच्यातही दंत्य आणि मूर्धन्य व्यंजनांचा भेद आहे, आणि तिचे वाङ्मय मुख्यतः मौखिक आहे. मराठी शब्दातले टिंब गळाले तर शब्दकोश उघडून ते परत लावता येईल. कोरकू गाणे सांगणारी म्हातारी गेल्यावर, आपण टंकलेल्या कागदातून ‘त’ की ‘ट’ हे कोण सांगणार?

म्हणून मागणी साधी आहे. विद्यार्थ्याच्या लोकसाहित्य-संकलनाला गुण देताना शिक्षकांनी टिंबे तपासावीत आणि टिंबे नसलेले लिप्यंतर परत करावे. शुद्धलेखनाच्या एका ऱ्हस्वदीर्घावरून आपण हमरीतुमरीवर येतो. त्यातला थोडासा आवेश एका टिंबासाठी राखून ठेवायला काय हरकत आहे?