थैली सारखी, पारख वेगळी : प्रो कबड्डीच्या लिलावाचा धडा

१/ ऑक्टोबर २०२३. मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव झाला. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. स्पर्धेच्या इतिहासातली तोवरची सर्वोच्च बोली. हंगाम संपला तेव्हा टायटन्स शेवटच्या, बाराव्या स्थानी होते. २२ सामन्यांत विजय अवघे २.

२/ यात दोष पवनच्या चढायांचा नव्हता, हिशेबाचा होता. खेळाडूंवरील खर्चाची मर्यादा प्रत्येक संघाला ५ कोटी. निम्म्याहून अधिक रक्कम एका नावावर गेली, की उरलेला संघ उरल्यासुरल्या पैशांत उभारावा लागतो. मैदानात मात्र सात जण उतरतात.

३/ ही कल्पना जुनी आहे. इंग्लिश फुटबॉलमध्ये १९०१ ते १९६१ या काळात खेळाडूच्या साप्ताहिक वेतनालाच कमाल मर्यादा होती. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगने १९९० मध्ये संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा घातली. ती चोरून ओलांडल्याबद्दल मेलबर्न स्टॉर्मची २००७ व २००९ ची विजेतेपदे २०१० मध्ये काढून घेण्यात आली.

४/ त्याच लिलावात पुणेरी पलटणनेही इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर २ कोटी ३५ लाख खर्च केले. मग फरक कुठे? तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यातून आलेला अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे आठव्या हंगामापासूनच पलटणमध्ये घडत होते. पाया आधी रचला गेला, कळस नंतर चढला.

५/ डिसेंबर २०२२ मध्ये पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ अशी हरली. संघाचा गाभा तरीही मोडला गेला नाही. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. कर्णधार होता अस्लम.

६/ दुसरा दाखला पाटण्याचा. सलग तीन विजेतेपदे मिळवून देणाऱ्या प्रदीप नरवालला २०२१ मध्ये यूपी योद्धाने १ कोटी ६५ लाखांना घेतले. त्याच हंगामात पाटण्याने उपांत्य फेरीत यूपीलाच हरवले आणि अंतिम सामना केवळ एका गुणाने गमावला.

७/ लिलावात खेळाडूला संघ निवडता येत नाही, हा आक्षेप योग्यच. पण नवोदित खेळाडूंशी संघ लिलावाबाहेर थेट करार करतात. तिथे निवड दोन्ही बाजूंनी होते. पैसा बेताचाच असताना तरुण खेळाडू पाहतो तो प्रशिक्षक, सराव आणि मैदानात उतरण्याची संधी.

८/ महाराष्ट्राला हे नवे नाही. लिलाव नव्हते तेव्हा एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा यांचे संघ खेळाडूंना बांधून ठेवत ते नोकरीच्या आधाराने. बोलीपेक्षा भरवसा मोठा ठरत असे.

९/ म्हणून परभणी जिल्ह्याचा विचार व्हावा. जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरीच्या मातीत खेळणाऱ्या मुलासाठी खर्चमर्यादा ही बंद दाराची फट आहे. श्रीमंत संघाला सगळेच तारे विकत घेता आले असते, तर गावोगाव शोध घेण्याची गरज कुणाला वाटली असती? मर्यादा संघांना शोध घ्यायला भाग पाडते. तो शोध पुण्या-मुंबईच्या वेशीवर थांबला, तर तोटा एकट्या मराठवाड्याचा नाही, त्या संघांचाही आहे.