‘निघा’ म्हणायला कुणी शिकवायचं?

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. पण परवा वहिनींचा फोन आला आणि राहवलं नाही.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. घरच्यांनी ओळखलं असेलच. बाकीच्यांसाठी सांगतो, २०१९ साली त्या कृष्णाकाठच्या आमच्या गावच्या सरपंच होत्या. त्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाचे आकडे फोनवर येत होते. ४५ फूट ही धोक्याची पातळी, हे सगळ्यांना पाठ. पण तिथे ५० फूट झालं म्हणजे आमच्या खालच्या आळीत पाणी कुठवर, हे कुणालाच सांगता येईना. म्हातारी माणसं म्हणत, "२००५ ला मारुतीच्या पायरीला लागून परत गेलंय, त्याच्या वर येत नसतंय." वहिनी दारोदार "निघा" म्हणत फिरल्या. पण पद असलं तरी ऐकणार कोण? त्यांची सख्खी सासू, म्हणजे आमची काकू, दोन म्हशींपायी हलली नाही.

पाणी आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं. काकूने दोन रात्री शेजारच्या स्लॅबवर काढल्या. म्हशी गेल्या. ट्रॅक्टरच्या डिझेलला वहिनींनी पदरचे पैसे घातले.

त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. पाणी चढत असताना "आता बास, पुढच्या फेरीला" असं घाबरलेल्या गर्दीला सांगणं सोपं नाही. त्याची सवय आधी करावी लागते, आणि सवयीला पैसे लागतात.

आम्ही पुण्याहून काय केलं? टेंपो भरून साड्या, बिस्किटं पाठवली. त्यावर मी इथेच एक हळवी पोस्टही लिहिली होती. (आता वाचवत नाही.) वहिनी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "भावजी, साड्या पुरे झाल्या. पुढच्या पावसाआधी कुणी शिकवायला येणार असलं तर बघा."

पैसा अगदीच नाही असं नाही. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी आपत्ती निधीची वाटणी ठरवली, त्यात १० टक्के पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीला होते, तर ४० टक्के प्रतिसाद आणि मदतीला. ‘आपदा मित्र’ योजनेत ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं. चांगलंच आहे. पण दोर टाकणारा वेगळा आणि गाव कधी रिकामं करायचं हे ठरवणारा वेगळा. ठरवणाऱ्यांच्या, म्हणजे सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, आशाताई यांच्या वाट्याला काय येतं? वहिनींना पाच वर्षांत एक दुपार मिळाली. पडद्यावर चित्रं, पुरीभाजी, रजिस्टरवर सही, ग्रुप फोटो. होडीला हातही लावला नाही.

माझं म्हणणं असं, की हा खर्च माणसावर नको, पदावर हवा. आरक्षण फिरतं, सरपंच बदलतो, ग्रामसेवकाची बदली होते आणि शिकलेलं त्यांच्याबरोबर निघून जातं. म्हणून दर निवडणुकीनंतर पुन्हा, आणि दर मे महिन्यात नदीवर प्रत्यक्ष सराव. शिवाय येणाऱ्यांची त्या दिवसांची मजुरी द्या. बचत गटाच्या बाईने भांगलणीचा रोज बुडवून फुकट का यायचं? आपण शहरात ऑफिसच्या ट्रेनिंगला जातो तेव्हा कुणी पगार कापतं का?

माळीणचं उदाहरण द्यायला जीभ रेटत नाही. ३० जुलै २०१४ ला अख्खं गाव डोंगराखाली गेलं आणि ते जगाला कळलं एसटीच्या ड्रायव्हरमुळे. बाहेरची मदत येईपर्यंतचे तास गावाचे एकट्याचे असतात. मग खर्च त्या तासांवर का होत नाही?

असो. तर परवाचा फोन. आता गावात नवी सरपंच आहे, वयाने लहान पोरगी. ती वहिनींकडे विचारायला आली होती. वहिनींनी वही काढली आहे: कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाचा ट्रॅक्टर चालू आहे, जनावरं आधी कुठल्या माळावर न्यायची. आयर्विनच्या कुठल्या आकड्याला कुठली आळी हलवायची, तेवढं पान अर्धं आहे. ती वही मी टाइप करून देणार आहे.

घरातल्या कुणाकडे २००५ किंवा २०१९ चे गावातले फोटो असतील, भिंतीवर पाण्याची खूण दिसणारे, तर पाठवा. मारुतीच्या देवळाचा असेल तर आधी तो.