छापखान्यात जाण्यापूर्वी

दिवाळी जवळ आली की छापखानेवाल्यांना पाठ टेकायला फुरसत मिळत नाही. दिवाळी अंक, दिनदर्शिका, फराळाच्या डब्यांवरची लेबले, आणि तुळशीचे लग्न लागले रे लागले की हव्या असलेल्या लग्नपत्रिका, सगळ्यांची एकदम घाई! पूर्वी आपण मजकूर कागदावर लिहून द्यायचा आणि बाकीचे खिळे जुळवणाऱ्याने पाहायचे. आता तसे राहिलेले नाही. घरातली मुलगी संगणकावर पत्रिका तयार करते, भाचा मंडळाची स्मरणिका जुळवतो, आणि फराळाचा घरगुती धंदा करणाऱ्या वहिनी आपले लेबल मोबाइलवरच आखतात. फाइल पाठवली की आपले काम संपले, असे सर्वांना वाटते. खरे म्हणजे छपाईचे निम्मे काम त्या फाइलीतच व्हायचे असते. यंत्र दिलेले तेवढेच छापते. आपल्या मनातले त्याला वाचता येत नाही.

ही आधीची तयारी काही आजची नव्हे. गोरेगावच्या पूर्वेला, आरेच्या हिरवाईला लागून, चित्रनगरी आहे. ती १९७७ मध्ये सुरू झाली आणि २००१ मध्ये तिला दादासाहेब फाळके यांचे नाव मिळाले. फाळके म्हटले की आपल्याला १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. परंतु त्याआधी हा गृहस्थ छपाईतला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईचे जे. जे. स्कूल आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिकलेल्या फाळक्यांनी १९०८ मध्ये लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला. रविवर्मा छापखान्यासाठी दगडावर उतरवायच्या चित्रांची पूर्वतयारी करून देणे, हे तेथले मुख्य काम. पुढे हा छापखाना दादरला आला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला, आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके जर्मनीला जाऊन आले.

त्या काळी देवादिकांच्या तसबिरी दगडावरून छापल्या जात. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. चित्रातला लाल कुठे, पिवळा कुठे, हे आधी वेगळे काढायचे आणि मग एकावर एक रंग नेमका बसवायचा. लक्ष्मीच्या साडीचा काठ तिच्या हातावर उतरला की तो ताव फुकट. आज दगड गेले आणि प्लेटी आल्या. पण रंग वेगळे काढणे सुटलेले नाही. मार्च २०२३ मध्ये गोरेगावच्याच नेस्को संकुलात ‘पामेक्स’ हे छपाईयंत्रांचे प्रदर्शन भरले होते. हल्लीची मोठी ऑफसेट यंत्रे तासाला दहा-पंधरा हजार ताव सहज ओढतात. म्हणजे फाइलीत चूक असेल, तर तीही त्याच वेगाने छापली जाते.

तेव्हा फाइल द्यायची कशी, ते पाहू.

प्रथम मापाचे. पत्रिका छापून झाल्यावर गठ्ठा करून कापतात आणि पाते केसभर इकडेतिकडे जातेच. म्हणून पार्श्वभूमीचा रंग किंवा नक्षी कापायच्या रेषेच्या बाहेर चारी बाजूंनी ३ मि.मी. जास्त ठेवावी. यालाच ‘ब्लीड’ म्हणतात. ते नसेल तर कडेला पांढरी चीर दिसते. उलट मजकूर मात्र कडेपासून निदान ५ मि.मी. आत असावा, नाही तर यजमानांच्या नावाची वेलांटी कात्रीत सापडायची. पुस्तिका मध्ये पिना मारून करायची असेल, तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी.

दुसरे रंगाचे. मोबाइलचा पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. कागदावर प्रकाश नसतो, शाई असते. आकाशी निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. म्हणून पडद्यावरचा झगझगीत पोपटी किंवा लखलखीत केशरी कागदावर थोडा मावळतोच. फाइल आरंभापासून ‘सीएमवायके’ पद्धतीत केली तर हा अपेक्षाभंग आधीच कळतो. कुंकवासारखा लाल हवा असेल, तर किरमिजी आणि पिवळा दोन्ही पूर्ण द्यावेत. सोनेरी रंग तर या चार शायांतून मिळतच नाही. त्याला वेगळी शाई किंवा वर्ख लागतो आणि फाइलीत तो भाग स्वतंत्र रंग म्हणून दाखवावा लागतो. शिवाय बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा. चार शाया मिसळून केलेला काळा किंचित सरकला, की अक्षरांना रंगीत सावली पडते आणि ‘आमंत्रणा’वरचा अनुस्वार दिसेनासा होतो.

तिसरे छायाचित्रांचे. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. चार इंच रुंद फोटो हवा, तर तो १२०० ठिपके रुंद असला पाहिजे. व्हॉट्सॅपवरून साधा पाठवलेला फोटो वाटेत लहान होतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. लहान फोटो ओढून मोठा केल्याने त्यात नवे काही येत नाही. पिठात पाणी वाढवले म्हणून भाकऱ्या वाढत नाहीत, तसेच.

आता खरी गोष्ट, ती अक्षरांची. इंग्रजीत एक अक्षर शेजारी दुसरे उभे राहते. आपले अक्षर मात्र एकमेकांच्या खांद्यावर, पोटात आणि पायाशी बसते. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर, पण लिहिताना आधी. ही सारी जुळणी फॉन्ट आणि संगणकाचा प्रोग्राम मिळून करतात. दोहोंपैकी एक बदलला की अक्षरे विसकटतात.

आमच्या शेजारच्या एका बाईंनी आईच्या पंचाहत्तरीला आठवणींची पुस्तिका केली. घरच्या संगणकावर सारे सुरेख दिसत होते. छापखान्यात तो फॉन्ट नव्हता, म्हणून दुसराच आपोआप बसला. ‘कुऱ्हाडे’ हे आईंचे माहेरचे आडनाव. त्यातला ‘र’ पाय मोडून ‘ह’पासून सुटा पडला, आणि वेलांट्या भलत्याच अक्षरांमागे जाऊन बसल्या. तीनशे प्रती बांधून आल्या. समारंभात आईंनी पुस्तिका उघडली, वडिलांच्या नावावरून बोट फिरवले आणि हळूच म्हणाल्या, “आमच्या दादांचे नाव असे नव्हते हो.” लेकीने सहा महिने खपून केलेले पुस्तक, पण त्या दिवशी तिला ते कुणाच्या हाती द्यावेसे वाटेना.

यावर उपाय सोपा आहे. मजकूर शक्यतो युनिकोडमध्ये टाइप करावा. श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या फॉन्टांची अक्षरसंकेतांची रीत निराळी असते. तो मजकूर उचलून दुसऱ्या फॉन्टात ठेवला, तर निरर्थक चिन्हे उमटतात. इनडिझाइन वापरत असाल, तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावावा, म्हणजे जोडाक्षरे नीट जुळतात. भाषा ‘मराठी’ निवडली आणि फॉन्टात तशी सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. शेवटी फॉन्ट आत घालूनच पीडीएफ करावी. कोरलड्रॉमध्ये काम असेल, तर अक्षरे ‘कर्व्ह’ करून द्यावीत, म्हणजे ती चित्रासारखी पक्की होतात. मात्र कर्व्ह केलेल्या मजकुरात टाइप करून दुरुस्ती करता येत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी.

एवढे करूनही प्रूफ पाहिल्याशिवाय छपाईला होकार देऊ नये. पडद्यावर पाहणे म्हणजे प्रूफ पाहणे नव्हे. खऱ्या मापात कागदावर छापून घ्यावे आणि ज्याने मजकूर टाइप केला नाही, अशा माणसाला मोठ्याने वाचायला लावावे. नावे अक्षर अक्षर तपासावीत. तारीख आणि वार यांचा मेळ पाहावा. फोन नंबर तर लावूनच पाहावा. घरातली आजी या कामाला उत्तम. नातेवाइकांची नावे आणि मानपान तिच्याइतके कुणाला ठाऊक असतात?

आणि एक शेवटचे. फाइल करायला बसण्यापूर्वीच एकदा छापखान्यात जाऊन यावे. कागद कोणता, माप काय, ब्लीड किती, फाइल कोणत्या स्वरूपात हवी, हे चार प्रश्न विचारावेत. ऐन घाईच्या दिवसांत असे विचारणारे गिऱ्हाईक भेटले, तर छापखानेवाल्याला ते दिवाळीच्या करंजीइतके गोड वाटेल.