सहल ही चैन नव्हे

पर्यटन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गळ्यात कॅमेरा अडकवलेला, हॉटेलात उतरणारा पाहुणा उभा राहतो. ज्याच्या खिशात पैसा त्यानेच हिंडावे, इतरांनी त्याचे सामान उचलावे, अशी जणू समाजाने वाटणीच करून टाकली आहे. परंतु ज्याला प्रवास परवडत नाही त्याच्या प्रवासाला समाजाने हातभार लावावा, असाही एक विचार जगात रुजलेला आहे. त्याला ‘सामाजिक पर्यटन’ म्हणतात. हा विचार केवळ दयेचा नाही, तो रोकड्या अर्थशास्त्राचाही आहे, असे माझे मत आहे.

फ्रान्समध्ये जून १९३६ मध्ये लेआँ ब्लुम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. पण भाड्यालाच पैसे नसतील तर रजा घराच्या उंबऱ्यातच संपते. म्हणून त्याच उन्हाळ्यात लेओ लाग्रांज या उपमंत्र्यांनी रेल्वेचे ४० टक्के सवलतीचे तिकीट काढले आणि असंख्य कामगार कुटुंबांनी प्रथमच समुद्र पाहिला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात तर विश्रांती आणि भरपगारी सुट्टी यांना हक्काचेच स्थान मिळाले.

पुढचा धडा स्पेनचा. तेथे १९८५ पासून वृद्धांना सवलतीत समुद्रकाठच्या हॉटेलांत पाठवले जाते, पण ऐन हंगामात नव्हे, तर बिनगर्दीच्या महिन्यांत. एरवी त्या दिवसांत हॉटेले बंद पडत आणि नोकर घरी बसत. आता आजोबा-आजींना हवापालट मिळतो आणि आचाऱ्याची, सफाईवालीची नोकरी टिकते. सरकारने दिलेल्या सवलतीतला काही पैसा करांच्या आणि वाचलेल्या बेकारभत्त्याच्या रूपाने तिजोरीत परत येतो. शाश्वत विकास म्हणजे तरी दुसरे काय? चार महिन्यांची भरती आणि आठ महिन्यांची ओहोटी यांऐवजी वर्षभर वाहणारा लहानसा झरा!

आता आपल्याकडे पाहू. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली. सरकारी नोकरांना प्रवास सवलत मिळते. पण कापूस वेचणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या माणसाचे काय? त्याची सुट्टी म्हणजे बुडालेला रोज. आमच्या गावात साठी उलटलेल्या कितीतरी बाया आहेत. त्यांचा प्रवास माहेर, बाजार आणि फार तर पंढरपूर एवढाच. सुदैवाने पाया तयार आहे. आपल्या एस.टी.ने १९८८ मध्ये ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना आणली. ७५ वर्षांवरील वृद्धांना २०२२ पासून मोफत, तर स्त्रियांना २०२३ पासून निम्म्या तिकिटात प्रवास मिळू लागला. २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी तीर्थदर्शन योजनाही जाहीर झाली. पण गाडीतून उतरल्यावर राहायचे कोठे, जेवायचे कोठे, हा प्रश्न उरतोच. आणि देवदर्शनाखेरीज माणसाला डोंगर, समुद्र, लेणी पाहण्याची भूक नसते काय?

कोणी म्हणेल, शाळेला छप्पर नाही आणि तुम्ही सहली कसल्या काढता? आक्षेप खरा आहे. म्हणूनच फुकटेगिरी नको. स्वित्झर्लंडमध्ये १९३९ पासून ‘रेका’ संस्थेची प्रवास-कुपने आहेत. मालकाच्या मदतीने ती कामगाराला कमी किमतीत मिळतात. तशी कुपने येथेही काढावीत. थोडे मजुराने घालावे, थोडे कल्याणकारी मंडळाने, थोडे शासनाने. मात्र ती बिनहंगामी दिवसांतच आणि गावातल्या घरगुती निवासात, बचत गटाच्या खानावळीतच चालावीत. म्हणजे पैसा भाकरी थापणाऱ्या हातापर्यंत पोहोचेल. महाबळेश्वर-लोणावळ्याला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, तिकडे आणखी माणसे लोटण्यात अर्थ नाही. जेथे पाणी आहे, सोय आहे, तेथेच आणि झेपेल तेवढेच पाहुणे पाठवावेत. नाहीतर विकासाच्या नावाखाली गावच्या विहिरी आटायच्या!

मित्रहो, आपल्यालाही सहलीसाठी एस.टी. निम्म्या भाड्यात मिळते. त्या सवलतीमुळे आपण वेरूळ पाहू शकतो. वेरूळ खोदणारे हात मात्र श्रमिकांचेच होते. त्यांच्या आजच्या वारसांनी ते डोळे भरून पाहावे, एवढी तजवीज करणारे धोरण मागणे म्हणजे चैनीची मागणी नव्हे. ती न्यायाची मागणी आहे, आणि माझ्या मते शहाणपणाच्या हिशेबाचीही.