आधी वाद, मग शिस्त



ठराव वाचला जातो, टाळ्या पडतात, वहीत 'एकमताने मंजूर' असे लिहिले जाते. आम्ही म्हणतो, ज्या बैठकीत विरोधाचा एक शब्द निघाला नाही तिथे एकमत झाले नाही, तिथे तोंडे बंद झाली.

गुलाबी बोंडअळीचेच पाहा. २००२ साली बीटी कापूस आला, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. पाकिटासोबत साध्या कपाशीची १२० ग्रॅमची पुडी मिळे. साध्या झाडांवरचे पतंग बीटीवर तगलेल्या पतंगांशी मिसळावेत आणि अळी बीटीला लवकर सरावू नये, यासाठी ती कडेने पेरायची. गावोगाव ती पुडी पडून राहिली. का? तर 'कोणीच पेरत नाही'. डिसेंबरात पऱ्हाटी उपटा, फरदड ठेवू नका, असे सांगणाऱ्याला 'तुलाच लय कळते' म्हणून खाली बसवले. २०१७ साली विदर्भात बोंड फोडले की आत अळी! बियाणे विकणाऱ्यांना आणि सरकारला जाब विचारायचाच. पण शहाण्या माणसाला गावानेच गप्प केले, त्याचा जाब कोणाला विचारणार?

कोणी म्हणेल, चळवळीला शिस्त लागते. लागतेच. पण ठरावानंतर शिस्त, ठरावाआधी वाद. शंका काढणारा फुटीर नव्हे. संघटना म्हणजे मेंढरांचा कळप नव्हे.

हे फक्त खेड्यातच घडते असे नाही. १९६१ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या बैठकांत क्युबावरच्या चढाईबद्दल मनात शंका असलेले गप्प राहिले. चढाई फसली. १९६२ च्या क्षेपणास्त्रांच्या पेचात केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेलेच नाहीत, लोकांनी मोकळे बोलावे म्हणून.

म्हणून आमचे सांगणे :
१) अध्यक्षाने शेवटी बोलावे.
२) दोघांना विरोधी बाजू मांडायचे कामच द्यावे.
३) वेचणीच्या बायांना आधी विचारावे. किडके बोंड पहिल्यांदा त्यांच्याच हाताला लागते.
४) शंका बिननावाच्या चिठ्ठीवर घ्याव्यात.
५) मोठा ठराव एक रात्र थांबवून दुसऱ्या दिवशी मताला टाकावा.

फरदडीचा निर्णय एकट्याचा नाही. एका वावरातली अळी शेजाऱ्याचे वावर सोडत नाही. म्हणून तो विषय निघाला की आधी विचारा, 'विरोधात कोण?' कोणीच उठले नाही तर वही मिटा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.