हलके म्हणजे किती हलके?

(द्वितीय वर्ष, कला)

जुन्या संगणकासाठी लिनक्स निवडताना "सर्वांत हलकी कोणती?" एवढेच विचारण्याची रूढी पडली आहे. मला हा प्रश्न अपुरा वाटतो. बैलबाजारात माझे वडील वैरण किती लागेल हे शेवटी विचारतात. आधी बैल अंगावर धावून येतो का ते पाहतात.

आम्ही तीन गावांतल्या पाच जणी रात्री भांडी आवरल्यावर अर्थशास्त्राचा अभ्यास बोलून करतो. नेहमीचा ग्रुप काढायचा तर फोन नंबर द्यावा लागतो, आणि मुलीचा नंबर चार हातांत फिरला की तिचा फोनच घरचे काढून घेतात. 'मम्बल' या मुक्त प्रणालीत नंबर लागत नाही. एक नाव आणि सर्व्हरचा पासवर्ड पुरतो. मोबाइलवर 'मुम्ला' हे अ‍ॅप घेतले की झाले. सर्व्हर आमच्या घरी, भावाने तालुक्याहून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर आहे.

हा सर्व्हर सर्वांचे आवाज एकत्र मिसळत बसत नाही. एकीचे बोलणे आले की बाकीच्या चौघींकडे पोचते करतो, टपालवाल्यासारखे. त्यामुळे पाच जणींना जुने यंत्रही पुरून उरते. खरा भार असतो तो डेस्कटॉपचा. तो बसवलाच नाही, तर लिनक्सचे बहुतेक प्रकार हलकेच. मग वाद उरतो तो अल्पाइन की डेबियन, एवढाच.

अल्पाइन अतिशय आटोपशीर आहे, यात शंका नाही. ती पेनड्राइव्हवरून सुरू होऊन सगळी रॅममध्येही चालते. पण त्या पद्धतीत केलेला बदल वेगळी आज्ञा देऊन जतन करावा लागतो, आणि तोवर वीज गेली तर बदलही गेला. आमच्याकडे वीज सांगून जात नाही, लॅपटॉपची म्हातारी बॅटरीही दहा मिनिटांत मान टाकते. अल्पाइन डिस्कवरही बसवता येते, हे मान्य. तरी तिच्या एका आवृत्तीला दुरुस्त्या मिळतात त्या साधारण दोन वर्षे. डेबियनच्या आवृत्तीला तीन, आणि दीर्घ मुदतीच्या आणखी दोन. पाच वर्षांत माझे बी.ए. होईल, एम.ए. होईल, लग्नाचा विषय दोनदा निघून टळलेलाही असेल. तेवढ्यात यंत्र पुन्हा पहिल्यापासून उभे करायला कोणाला सवड आहे?

दुसरे कारण भाषेचे. डेबियन बसवताना चित्रमय पद्धत घेतली तर भाषांच्या यादीत मराठी सापडते. ती कोणा कंपनीची मेहेरबानी नव्हे. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेले हे काम आजही स्वयंसेवक चालवतात, भाषांतरासह. पुढच्या आज्ञा इंग्रजीतच द्याव्या लागतात हे खरे. पण घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलीला सुरुवातीची पायरी मराठीत वाचायला मिळते, याची किंमत मी वाचलेल्या मेगाबाइटांहून अधिक धरते.

यंत्र ६४ बिटांचे आहे का, ते मात्र आधी पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली आहे. आणि घरच्या इंटरनेटला बाहेरून पोचता येईल असा पत्ता मिळतो का, हे लॅपटॉप विकत घेण्याआधीच विचारावे. तो नसेल तर मैत्रिणी आपल्या सर्व्हरपर्यंत थेट पोचणारच नाहीत, मग आत अल्पाइन असो की डेबियन.